उत्तेजनाचा निषेध

आमच्या मंडळीच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत एक वाक्य ठळक टाइपात छापलेलं आहे. फ्लूच्या साथीत अवघ्या मुंबईचे व्यवहार थंडावले, परंतु आमच्या मंडळीतील उत्तेजनाचे कार्य एक दिवसही खंडित झाले नाही.

हे वाक्य खरं आहे. मी त्याची साक्षीदार आहे. ते कार्य एखाद-दुसऱ्या दिवशी खंडित झालं असतं, तर निदान सहा-सात घरं तापातून वाचली असती.

मंडळी म्हणजे आमच्या परळच्या मराठी चर्चची माणसं. आणि उत्तेजन हा आमच्या ख्रिस्ती मराठीतला खास शब्द. बाहेरच्या जगात उत्तेजनार्थ बक्षीस असतं, ते चौथ्या आलेल्याला देतात. आमच्याकडे आजारी पडलेला, नोकरी गेलेला, परीक्षेत आपटलेला, असा कुणीही उत्तेजनाला पात्र ठरे. मग पाच जण त्याच्या घरी जात. पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आणि मंडळीचे चार पंच. मे महिना असला तरी पाचही जण कोटात. खोलीत एक खाट, एक खुर्ची आणि भिंतीला टेकवलेली वळकटी असली, तरी पाचही जण कसेबसे मावत. आधी प्रार्थना, मग शास्त्रपाठ, मग मुख्य पंचांचं भाषण, मग एक गीत, मग चहा. आजाऱ्यानं या सगळ्या वेळात उठून बसायचं असे. पडल्या-पडल्या उत्तेजन घेणं बरं दिसत नसे.

मुख्य पंच रेल्वेच्या कारखान्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. त्यांचं भाषण ऐकताना आपण रजेचा अर्ज घेऊन उभे आहोत आणि तो नामंजूर होणार आहे, असं वाटे. धाकटे पंच आणि चिटणीस म्हणजे माझे वडील. ते गिरगावात एका छापखान्यात कंपॉझिटर होते. संयुक्त महाराष्ट्राची एकही सभा ते सोडत नसत. शिवाजी पार्कवरून घसा बसवून घरी येत आणि आलं-मध चाटत दिल्लीला काय काय सुनावलं ते सांगत. पंचांच्या सभेत मात्र त्यांचा घसा आधीच बसलेला असे. तिथे ते मुख्य पंचांना "हो साहेब" म्हणत आणि इतिवृत्त लिहीत. आयुष्यभर दुसऱ्यांची अक्षरं जुळवून त्यांचं स्वतःचं अक्षर कामातून गेलं होतं, म्हणून ते इतिवृत्त शाईनं उतरवून काढायचं काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा फोर्टात एका कचेरीत टायपिस्ट होते.

साथ आली तेव्हा आधी ती वर्तमानपत्रात आली, मग गोदीत, मग गिरण्यांत. चाळीत तिला फुलू म्हणत. आठवड्याभरात गिरण्यांतले साचे, म्हणजे माग, बंद पडू लागले, शाळा ओस पडल्या आणि डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेरची रांग भाजीबाजारापर्यंत गेली. लोक गळ्यात कापराच्या पुरचुंड्या बांधून फिरू लागले.

पंचांची सभा भरली. तिचा ठराव मी माझ्या हातानं उतरवला आहे: उपासना चालू राहतील, आणि संकटसमय पाहता उत्तेजनाचे कार्य दुप्पट करण्यात येईल.

म्हणजे पूर्वी पाच जण दिवसाआड दोन घरी जात, ते आता रोज दोन घरी जाऊ लागले. दादरला ज्यांना ताप, त्यांच्या खाटेला खेटून बसायचं, गीत म्हणायचं, त्यांच्याच कपातून चहा प्यायचा, आणि तिथून उठून लालबागला ज्यांना अजून ताप आलेला नाही, पण धीर सुटत चालला आहे, त्यांच्याकडे जायचं.

माझी आई लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं नर्स होती. चाळीत आणि मंडळीत तिला सगळे नर्सबाईच म्हणत. ती रोज रात्रीच्या जेवणाला बाबांना आज कुठे गेला होतात ते विचारायची. बाबा हौसेनं सांगायचे. तीन-चार दिवसांनी ती त्याच घरांची खबर विचारायची.

"मंगळवारी गेलात तेव्हा मास्तरांकडे सगळी हिंडतीफिरती होती ना?"

"होती की. आज कळलं, पाचही जण पडलेत. काय ही साथ!"

"साथ नव्हे," आई म्हणाली, "तुम्ही."

बाबांनी भातावर ताक ओतून घेतलं आणि विषय महागाईकडे नेला.

आईचं हे विचारणं उगाच नव्हतं. आमच्या दीड खोलीच्या घरात आतल्या बाजूला, खिडकीपाशी, माझी ताई निजून होती. ताई बावीस वर्षांची. क्षयाच्या इस्पितळात आठ महिने काढून ती नुकतीच घरी आली होती. इंजेक्शनं आणि पावडरी चालू होत्या. डाव्या फुप्फुसातला डाग आक्रसत होता, पण गेला नव्हता. डॉक्टरांनी सहा महिने पूर्ण विश्रांती सांगितली होती आणि निघताना आईला बाजूला घेऊन म्हणाले होते, "बाई, तुम्ही नर्स आहात. हिला आता साधा ताप परवडायचा नाही." आईनं हे बाबांना सांगितलं, मला सांगितलं. ताईला सांगितलं नाही, पण चाळीच्या खोलीत बाजूला घेऊन म्हणजे किती बाजूला घेणार. ताईनं ऐकलं होतं.

ताई चर्चमध्ये पायपेटी वाजवायची. पायपेटी म्हणजे पायानं भाता मारायची मोठी पेटी. दोन्ही पाय सतत चालवावे लागतात, आणि आमची पेटी जुनी, तिचा भाता फाटका. धडधाकट माणसालाही चार गीतांनंतर दम लागे. ताई अंथरुणात पडल्या-पडल्या पांघरुणावर बोटं चालवायची. त्याला आईची हरकत नव्हती. पण चौथ्या-पाचव्या ओळीला पांघरुणाखाली पाय हलू लागत.

"पाय," आई चुलीपाशी बसूनच म्हणे.

पाय थांबत.

जुलैत आमच्या मंडळीचा वर्धापनदिन असे. ताई आजारी पडल्यापासून पायपेटी वाजवणारे गृहस्थ गिरगावातून येत. त्यांना बुधवारी उत्तेजन देण्यात आलं आणि शुक्रवारी ते फ्लूनं पडले. वर्धापनदिन आठ दिवसांवर आलेला. तेव्हा मुख्य पंचांना आठवलं की मंडळीत आणखी एक जण पायपेटी वाजवतं. तिच्या अंगात थोडा अशक्तपणा आहे एवढंच. तिला उत्तेजनाची गरज आहे.

बाबांनी हे आम्हांला आधी सांगितलं नाही. सांगायचं धाडस झालं नसावं. पण पेटीवाले पडल्याची खबर आईच्या कानावर आली होती, आणि पुढचं तिनं ओळखलं होतं.

ती दुसऱ्याच दिवशीची, शनिवारची दुपार होती. मी अर्ध्या दिवसाची कचेरी आटपून भिजत घरी आले, तर दार बंद. चाळीत दिवसा दार बंद नसतं. दिवसा दार बंद म्हणजे आत मयत तरी किंवा भांडण तरी. मी घाबरून कडी वाजवली.

"कोण?"

"मी आहे, आई."

"कचेरीत कुणाला ताप?"

"दोघांना."

"सामाईक मोरीतून कपडे बदलून, हात-तोंड धुऊन ये. आणि जिन्यात बघ, बुटांचा आवाज येतोय."

खरंच येत होता. दहा बूट. चाळीत बूट घालून जिना चढणारी माणसं दोनच प्रकारची, पोलीस आणि आमचे पंच. मी ओली छत्री दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवली आणि शेजारच्या मालवणी मावशींच्या दारात सरकले.

पाच जण आले. सर्वांत मागे बाबा, स्वतःच्या घरी पाहुणा आल्यासारखे.

"नर्सबाई, सलाम," पाळकसाहेब बंद दाराला म्हणाले. ते वयानं लहान आणि स्वभावानं भले होते.

"सलाम," दारानं उत्तर दिलं. "कुठून आलात?"

"लालबागहून. तिथे बिचारे सगळेच अंथरुणाला—"

"त्याआधी?"

"दादरला."

"तिथेही अंथरुणालाच?"

"म्हणूनच तर गेलो होतो, बाई."

"मग सलाम. आता घरी जा आणि साबणानं हात धुवा."

मुख्य पंच पुढे झाले. त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं. "बाई, आपण कुणाला दाराबाहेर उभं केलं आहे, याची आपल्याला कल्पना आहे ना?"

"आहे ना. आणखी चार हात मागे उभे राहिलात तर बरं."

"आम्ही मुलीला दोन शब्द उत्तेजनाचे सांगायला आलो आहोत. वर्धापनदिनाची सेवा आहे. तासाभराचा प्रश्न. चार गीतं."

"तिला डॉक्टरांनी विश्रांती दिली आहे. एका वेळी एकच औषध."

"सेवेनं शक्ती येते, बाई. अंथरुणात पडून माणूस खचतो."

"पायपेटीला जोर पायांचा लागतो. तुमच्यापैकी कुणीही मारा. दहा पाय आहेत."

आतून ताईचं हसू ऐकू आलं, आणि त्याच्या शेपटाला खोकला.  मग बाबांनी धीर केला.

"अगं, मी आहे."

"ऐकलं."

"हे माझं घर आहे."

"आहेच की. कोण नाही म्हणतंय? दोन घरं करून आलात ना आज? आठ दिवसांनी मिळेल. तोवर गॅलरीत झोपा."

एवढ्यात मावशींचं लक्ष दारावरच्या छत्रीकडे गेलं. त्या दिवसांत मुंबईत काळं काही टांगलेलं दिसलं, की ते वाळत घातलं आहे असं कुणालाही वाटत नसे. मंत्री आला की काळी निशाणं, मंत्री गेला की काळी निशाणं. मावशींनी कमरेवर हात ठेवले.

"काय गो बाय, निषेध कोणाचो?"

"उत्तेजनाचा," आई आतून म्हणाली.

मावशींना कळलं नाही, पण निषेधाला कळावं लागत नसे. त्यांनी कठड्यावरून वाकून खाली सांगितलं. साचे बंद असल्यामुळे पाळीवर न गेलेली माणसं चाळभर मोकळीच होती. तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी दणदणीत आवाजात ओरडलं, "उत्तेजनाचा—" आणि सगळ्या चाळीनं पुरं केलं, "धिक्कार असो!" नंतर कळलं, की बहुतेकांना उत्तेजन हा दिल्लीनं नेमलेला नवा आयोग वाटला होता.

ते निशाण नव्हतं, माझी छत्री होती. मी पुढे होऊन तसं सांगू शकले असते. सांगितलं नाही, आणि त्याचा मला आजवर पश्चात्ताप झालेला नाही.

पाच जणांपैकी चार जण जिना उतरून गेले. बाबा गॅलरीत उरले. मुख्य पंच उतरता उतरता त्यांना म्हणाले, "चिटणीस, सोमवारी सभेची नोटीस काढा. विषय, भगिनीचे वर्तन." आमच्याकडे याचा अर्थ गंभीर होता. वर्तनाचा विषय निघालेल्या माणसाला प्रभुभोजनाच्या पवित्र विधीपासून दूर ठेवता येई, आणि त्याचं नाव भर उपासनेत वाचून दाखवत. नोटीस बाबांनीच लिहायची होती, आणि उतरवून मी.

बाबांनी ती गॅलरीत, मावशींच्या पाटावर बसून लिहिली. मावशींचे यजमान विडी ओढत शेजारी बसले होते. ते म्हणाले, "भाऊ, तुमका केंद्रशासित केल्यानी."  बाबांना ते लागलं. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून वेगळी ठेवण्याविरुद्ध त्यांनी इतके महिने घसा फोडला होता, आणि आता दाराच्या पलीकडे चुलीवर आमटीला फोडणी बसत होती आणि ते अलीकडे. तिसऱ्या दिवशी आईनं उंबऱ्याबाहेर ताट सरकवलं, तेव्हा ते हळूच म्हणाले, "गॅलरीसह संयुक्त घर झालंच पाहिजे."

"जेवा आधी," आई म्हणाली.

ते जेवले नाहीत. त्यांना हुडहुडी भरली होती. आई दोन पावलं मागे उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. मग तिनं मला हाक मारली. मी त्या दिवसापासून मावशींकडे राहायला गेले आणि बाबांचं सगळं बघू लागले. उंबऱ्याच्या आत फक्त आई आणि ताई. बाबांचा ताप तीन दिवस होता. दुसऱ्या दिवशी तो फार चढला आणि ते तापात सभेतलं भाषण करू लागले.  आई दाराच्या फटीतून सांगत होती, "पट्टी बदल. पाणी पाज. बोलू नको त्यांच्याशी, तू बोललीस की ते उत्तर देतात."

सोमवारची सभा झाली नाही. गणपूर्तीला तिघे लागत. बाबा आडवे, मुख्य पंच आडवे, उरलेल्या दोन पंचांपैकी एक आडवा आणि दुसऱ्याला शिंका.

वर्धापनदिनाची उपासना मात्र झाली. पाळकसाहेब अजून उभे होते. चर्च आमच्या खिडकीसमोर, रस्त्याच्या पलीकडे. घंटा झाली. पांढऱ्या साड्यांतल्या दोन म्हाताऱ्या आत गेल्या. बाकी कुणी नाही. पेटी नसल्यामुळे पाळकसाहेबांनी स्वतःच सूर धरला. मी मावशींच्या खिडकीतून ऐकत होते, आणि भिंतीपलीकडून ताईचा आवाज आला.

"आई, काळी चारची पट्टी धरलीय त्यांनी. अंतऱ्याला मरणार."

"पाय," आई म्हणाली.

अंतऱ्याला पाळकसाहेबांचा आवाज वर गेला, तिथे थोडा थांबला आणि फुटला. म्हाताऱ्यांनी ते गीत आपल्या सुरात, खाली, शेवटापर्यंत नेलं. संध्याकाळी पाळकसाहेबांनाही ताप भरला.

मग आईनं पेज शिजवली. मोठ्या पातेल्यात, जुने तांदूळ, मीठ, थोडं जिरं. मला बारीकसा ताप येऊन गेला होता, त्यामुळे दोन डबे माझ्या हाती दिले, एक स्वतः घेतला, नाकातोंडावर पदर घट्ट बांधला, आणि मावशींना दारावर राखण बसवून आम्ही निघालो. चार घरं, चार-पाच दिवस. बाबांचं पाचवं, ते गॅलरीतच. आई कुठेही उंबऱ्याच्या आत गेली नाही. मी डबा आत ठेवून मागे यायची. घरी आलो की ती नळावर डोक्यावरून पाणी घ्यायची आणि मगच आत.

मुख्य पंचांकडे गेलो, तेव्हा ते खाटेवर मळक्या बंडीत पडले होते. दाढी वाढलेली. आईला दारात बघून ते धडपडत उठू लागले. एका हातानं खुंटीवरचा कोट चाचपू लागले. कोट काही हाती लागेना. त्यांची समजूत झाली असावी की आता पाहुणे आले, प्रार्थना होईल, शास्त्रपाठ होईल, आपण बसलं पाहिजे. दुसऱ्यांना इतकी वर्षं बसवलं होतं.

"झोपा," आई म्हणाली.

 ते आडवे झाले. मी पांघरूण ओढून दिलं. आम्ही निघालो. हेच चारही घरी, आणि गॅलरीतही. पाळकसाहेब क्षमा मागू लागले, तेही तिनं त्याच एका शब्दात आटपलं.

साथ ओसरली. ताईला ताप आला नाही. महिन्याभरानं छातीचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडाला धरला, जुना शेजारी धरला, आणि म्हणाले, डाग लहान झालाय. आईनं "बरं" म्हटलं. घरी आल्यावर तिनं दार सताड उघडलं आणि ते वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याच्या बुडाशी पाटा लावला. बाबा त्याआधीच आत आले होते, पण त्यांना उघड्या दारातून आत-बाहेर करायला फार आवडू लागलं होतं. पुढच्या वर्धापनदिनाला ताईनं पायपेटी वाजवली. तीन गीतं. चौथं आईनं डोळ्यांनी थांबवलं.

राहिलेली सभा शेवटी भरली. पाचही जण पाच-पाच शेर उतरलेले, कोट खांद्यावर लोंबणारे. विषयपत्रिकेवर भगिनीचे वर्तन होतंच. कागदावर आलेला विषय मुख्य पंच असा सोडत नसत. त्यांनी तो वाचला. आणि बाबा उभे राहिले. पंचांच्या सभेत ते पहिल्यांदाच उभे राहिले होते.

"साहेब, माझा विरोध आहे. त्या दिवशी दार उघडलं असतं तर आज माझ्या घरात माणूस कमी असतं. ते आपण पाच जणांनी मिळून नेलं असतं. विरोध नोंदवून घ्या."

नोंदवून घ्यायचं काम त्यांचंच असल्यामुळे ते खाली बसले आणि त्यांनी ते लिहिलं.

पुढे काय झालं ते मी बाबांकडून ऐकलं.  मुख्य पंचांनी कोटाचं बटण लावलं आणि विषय मागे घेतला. घेतल्यावर म्हणाले, चिटणीस, मजकूर घ्या. तो मजकूर मी माझ्या हातानं शाईनं उतरवला, आणि पुढे केव्हातरी तो स्मरणिकेतही गेला, ठळक वाक्याच्या बरोबर खाली: साथीच्या कठीण काळात एका भगिनीने पाच आजारी बंधूंना भेटी देऊन उत्तेजनपर शब्द उच्चारून सेवा केली.

शब्दचं अनेकवचनही शब्दच होतं, त्यामुळे मला काही दुरुस्त करता आलं नाही. पण तो एकच होता.